कासवाच्या पाठीवरची हरळी

७ ऑगस्ट २०२१. नीरज चोप्राच्या भाल्यानं सुवर्णपदक आणलं ती संध्याकाळ सगळ्यांना पाठ आहे. पण त्याच दिवशी पहाटे काय चाललं होतं, आठवतंय? ज्यांनी जन्मात कधी गोल्फ पाहिलं नव्हतं असे कित्येक जण अंथरुणातच मोबाइल डोळ्यांसमोर धरून अदिती अशोकचा खेळ बघत होते आणि मधूनच गुगलला विचारत होते, ‘बर्डी म्हणजे काय?’ अदिती चौथी आली. एका फटक्यानं पदक हुकलं. तिचा पहिला फटका बाकीच्या बऱ्याच जणींपेक्षा कमी लांब जात होता, तरी ती शेवटच्या होलपर्यंत पदकाच्या शर्यतीत टिकली ती पटिंगच्या जोरावर. आपली सगळ्यांची नजर बॉलवर होती. खरी गंमत मात्र बॉलखालच्या जमिनीत होती.

त्या जमिनीला ग्रीन म्हणतात. होल म्हणजे १०८ मिलिमीटर व्यासाचा एक खड्डा, आणि त्याच्या भोवतीचा अगदी बारीक कापलेल्या गवताचा तुकडा म्हणजे ग्रीन. एका ग्रीनचा आकार साधारण ५०० चौरस मीटर, म्हणजे १८ ग्रीन्स मिळून सव्वादोन एकर. सबंध कोर्स असतो दीडशे एकरांच्या आसपास. आता गंमत बघा. प्रत्येक होलचा ‘पार’ ठरवताना ग्रीनवर दोन पट लागतील असं गृहीत धरलेलं असतं. म्हणजे पार ७२ च्या कोर्सवर ७२ पैकी ३६ फटके या सव्वादोन एकरांच्या नावावर. उरलेल्या दीडशे एकरांच्या वाट्याला तेवढेच.

मग चांगलं ग्रीन कोणतं? गोल्फ खेळणाऱ्या दहा जणांना विचारलंत तर नऊ जण सांगतील : गालिच्यासारखं गुळगुळीत आणि फास्ट. टीव्हीवरचे कॉमेंटेटरही तेच म्हणतात. माझ्या मते हे म्हणजे चांगलं पुस्तक कोणतं, तर ज्याचा कागद चकचकीत आहे ते, असं म्हणण्यासारखं झालं. गुळगुळीतपणा ही निगा झाली. ती हवीच. पण एखादं ग्रीन थोर ठरतं ते त्याच्या आकारामुळे, उतारांमुळे, आणि ते दीडशे मीटर लांब उभ्या असलेल्या खेळाडूला काय करायला लावतं त्यामुळे.

यासाठी एका कोर्सची गोष्ट सांगायला हवी. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना राज्यात वाळूच्या टेकड्यांचा एक पट्टा आहे. तिथे पाइनहर्स्ट नावाच्या गावात १९०० मध्ये डोनाल्ड रॉस नावाचा एक स्कॉटिश माणूस आला. स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या डॉर्नॉक गावात वाढलेला, सेंट अँड्र्यूजला ओल्ड टॉम मॉरिसच्या हाताखाली काम शिकलेला. त्यानं तिथे बरेच कोर्स आखले, पण ‘नंबर २’ हा १९०७ मध्ये तयार झालेला कोर्स त्याचा खास जीव. पुढे त्याचं घरच या कोर्सच्या तिसऱ्या होलला लागून होतं. १९४८ मध्ये तो गेला, तोवर तो त्यात काही ना काही बदलत राहिला. चाळीस वर्षं एकच प्रोजेक्ट! आपल्याला एका सेमिस्टरचा प्रोजेक्ट संपवताना नाकी नऊ येतात.

विशेष म्हणजे पहिली तीसेक वर्षं या कोर्सवर ग्रीन्स हिरवी नव्हतीच. वाळूची होती, सपाट. त्या उष्ण हवेत बारीक कापलेलं गवत तगवायचं कसं, हे तेव्हा जमलेलं नव्हतं. आपल्याकडेही लष्करी छावण्यांच्या आणि लहान गावांच्या जुन्या कोर्सवर हा प्रकार होता, काही ठिकाणी अजून आहे. वाळूत जुनं तेल मिसळून, लोळवून केलेला गोल तुकडा. त्याला ग्रीन न म्हणता सरळ ‘ब्राउन’ म्हणतात. पाइनहर्स्टला १९३० च्या दशकाच्या मध्यावर गवत आलं आणि रॉसला पहिल्यांदा ग्रीनला आकार देता आला.

त्यानं दिलेला आकार म्हणजे पालथं घातलेलं ताट. किंवा कासवाची पाठ. मध्ये उंच, चारही कडांना खाली झुकलेली. बॉल मधोमध पडला तर ठीक. जरा उजवीकडे, जरा डावीकडे, जरा लांब पडला की तो हळूहळू, अगदी लाजत लाजत, कडेकडे सरकायला लागतो आणि ग्रीनवरून उतरून खालच्या खोलगट भागात जाऊन बसतो. त्यामुळे ग्रीन दिसायला मोठं असलं तरी बॉल जिथे थांबतो तो भाग दिसतो त्याहून खूपच लहान. हा आकार सगळा रॉसच्या डोक्यातला, की वर्षानुवर्षं ग्रीनवर वाळूचे पातळ थर देत राहिल्यानं मधला भाग फुगत गेला, यावर गोल्फच्या अभ्यासकांमध्ये आजही वाद चालतो. मला वाटतं, दोन्ही थोडंथोडं खरं असावं. घराचा ओटा दर दिवाळीला सारवला की उंच होत जातो तसं.

पण नुसतं ‘अवघड’ म्हणजे थोर नव्हे. अवघड ग्रीन कुणीही बांधेल. मधोमध एक खड्डा खणा, झालं. पाइनहर्स्टची खुबी अशी की घसरून खाली गेलेल्या बॉलला रॉस संपवत नाही. तिथे पाणी नाही, गुडघाभर गवत नाही. बारीक कापलेली हिरवळ आहे आणि समोर चढ आहे. आता तुम्ही ठरवा. बॉल उंच उडवून वर टाकायचा? चढावर आपटून उडी मारायला लावायचा? की सरळ पटर काढून जमिनीवरूनच ढकलायचा? तीन रस्ते, आणि तिन्ही रस्त्यांवर फजितीची सोय. २०१४ च्या यूएस ओपनमध्ये जर्मनीच्या मार्टिन कायमरनं यावर साधा उपाय काढला. ग्रीनच्या बाहेर गेला की बहुतेक वेळा पटरच घ्यायचा. बाकीचे दिग्गज नाजूक चिप मारायला जाऊन बॉल पुन्हा पायाशी आलेला बघत होते आणि हा गडी आठ फटक्यांनी जिंकला. पुढच्याच आठवड्यात त्याच ग्रीन्सवर महिलांची यूएस ओपन झाली. कमरेत जवळजवळ काटकोनात वाकून पट करणारी मिशेल वी ती जिंकली. पुरुष आणि महिला, लागोपाठ दोन आठवडे, एकच कोर्स. असं त्याआधी कधी झालं नव्हतं. ड्राइव्हच्या लांबीत दोन्ही स्पर्धांमध्ये केवढा फरक! ग्रीन्सनी मात्र दोघांना तेच प्रश्न विचारले.

उलट बाजूही आहे. १९९९ च्या यूएस ओपनमध्ये याच कोर्सच्या आठव्या होलवर जॉन डेलीचा बॉल चढावरून पुन्हा पुन्हा परत यायला लागला. शेवटी वैतागून त्यानं घरंगळणाऱ्या बॉललाच फटका हाणला. त्या होलवर ११. आणि अगदी अलीकडची, जून २०२४ ची गोष्ट तर अनेकांनी बघितली असेल. रोरी मॅकिलरॉय, शेवटचे काही होल, दहा वर्षांत न मिळालेली मोठी स्पर्धा हातात. सोळाव्या होलवर त्याचा अडीच फुटांचा पट हुकला. अठराव्यावर पावणेचार फुटांचा, उताराला वळणारा. तोही हुकला. मागून आलेल्या ब्रायसन डिशाँबोनं ५५ यार्डांवरच्या बंकरमधून बॉल होलजवळ आणून एका फटक्यानं बाजी मारली. अडीच फूट म्हणजे किती? तुमच्या हॉस्टेलच्या कॉटची रुंदी.

आता गवताकडे येऊ, कारण इथे एक घरचं नातं निघतं. थंड हवेच्या प्रदेशात ग्रीनवर बेंटग्रास लावतात. आपल्या किंवा अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या उन्हाळ्यात ते मान टाकतं. अशा ठिकाणी बर्म्युडा ग्रास. नाव ऐकून समुद्रकिनारी सुट्टीवर गेल्यासारखं वाटतं, पण शास्त्रीय नाव बघा : सायनोडॉन डॅक्टिलॉन. बॉटनीवाल्यांनी ओळखलं असेल. ही आपली हरळी. गणपतीला वाहतो ती दूर्वा! शेतकरी जिला उपटून उपटून थकतो, तीच. ग्रीनवरची हरळी मात्र खास घडवलेली असते. हरळी आणि तिची एक आफ्रिकन बहीण यांच्या संकरातून अमेरिकेतल्या टिफ्टन गावच्या संशोधन केंद्रात १९५० आणि ६० च्या दशकांत बुटक्या, दाट वाणांची पैदास झाली. टिफग्रीन, टिफड्वार्फ ही नावं त्या गावावरून आली. या गवताला बी धरत नाही, कांड्यांचे तुकडे लावूनच ते वाढवावं लागतं. पाइनहर्स्टनंही २०१४ च्या त्या दोन स्पर्धा आटोपल्या की बेंटग्रास काढून याच कुळातलं ‘चॅम्पियन’ नावाचं वाण लावलं. म्हणजे रोरीचा पट हुकला तो हरळीवर.

हे गवत कापतात किती? तीन मिलिमीटरच्या आसपास. मोठ्या स्पर्धेला त्याहूनही कमी. एकावर एक ठेवलेली दोन एक रुपयाची नाणी डोळ्यांसमोर आणा, साधारण तेवढी उंची. झाड म्हणून विचार करा : अन्न तयार करायला पानंच शिल्लक ठेवायची नाहीत, वरून रोज शेकडो पाय, आणि तरी जगायचं. असं गवत कायम आयसीयूच्या दारात असतं. बुरशी आली, एक दुपार पाणी चुकलं, सावली जरा जास्त पडली की संपलं. हरळीला ऊन लागतं. कोकणपट्टीच्या पावसाळ्यात आठवडेच्या आठवडे सूर्य दिसत नाही, तेव्हा ग्रीन सांभाळणाऱ्यांची झोप उडते ती उगीच नाही. पहाटे अंधारात ही मंडळी कामाला लागतात. दव झटकायचं, हातानं ढकलायच्या यंत्रानं पट्टे काढत कापायचं, रोलर फिरवायचा, कालचा होल बुजवून नवा पाडायचा. खेळाडू येतात तेव्हा ती निघून गेलेली असतात.

आणि जमिनीच्या पोटात तर इंजिनीअरिंगच आहे. अमेरिकन गोल्फ असोसिएशननं १९६० मध्ये ग्रीन बांधायची एक पद्धत प्रसिद्ध केली, ती आजही जगभर वापरतात. तळाशी पाण्याचे पाइप, त्यावर चार इंच खडी, त्यावर बारा इंच मुख्यतः वाळूचं मिश्रण. सिव्हिलच्या विद्यार्थ्यांनो, हे बघा : बारीक वाळू थेट जाड खडीवर बसवली की केशाकर्षणामुळे पाणी वाळूतच लटकून राहतं, मुळांना मिळतं. धो धो पाऊस आला आणि वरच्या पाण्याचं वजन वाढलं की ते एकदम खडीत उतरून वाहून जातं. थोडा पाऊस धरून ठेवायचा, जास्त झाला की सोडून द्यायचा. कुठलंही बटण नाही, सेन्सर नाही.

एवढं सगळं छान चाललेलं असताना बिघडतंय कुठे? वेगात. ही गोष्ट १९३५ पासून सुरू होते. पिट्सबर्गजवळच्या ओकमाँटला यूएस ओपन होती. एडवर्ड स्टिम्पसन नावाचा एक हौशी गोल्फर प्रेक्षकांत होता. जीन सॅराझनसारख्या कसलेल्या खेळाडूचा पट ग्रीनवरून घरंगळत थेट बंकरमध्ये गेलेला त्यानं पाहिला, असं सांगतात. हे ग्रीन अवाजवी फास्ट आहे, पण सिद्ध कसं करायचं? त्यानं एक लाकडी पन्हळ बनवली. एका टोकाला खाच, त्यात बॉल ठेवायचा, टोक हळूहळू उचलायचं. ठरावीक कोनाला बॉल सुटतो आणि सपाट जागी जितके फूट जातो तो त्या ग्रीनचा वेग. पुढे असोसिएशननं ती ॲल्युमिनियमची केली आणि १९७८ पासून कोर्सच्या व्यवस्थापकांच्या हातात दिली. हेतू साधा : आपल्या अठराही ग्रीन्सचा वेग सारखा आहे ना, ते तपासा. झालं भलतंच. आकडा मिळाल्यावर माणसं काय करतात? शेजारच्याशी तुलना. त्यांच्या क्लबचं साडेनऊ, मग आपलं दहा का नाही? १९७० च्या दशकात अमेरिकेतल्या ग्रीन्सची सरासरी साडेसहा फूट भरली होती. आज मोठ्या स्पर्धांत बारा, तेरा, कधी चौदा असतो.

यात काय बिघडलं, ते अकरावीच्या फिजिक्सनं कळतं. स्टिम्पमीटरवरून बॉल सेकंदाला साधारण १.८३ मीटर वेगानं सुटतो. v² = 2as. ग्रीन साडेसहाचं असेल तर गवताचा रोध गुरुत्वाकर्षणाच्या ८.६ टक्के येतो. म्हणजे ८.६ टक्के उतारापर्यंत बॉल कुठेतरी थांबू शकतो. ग्रीन तेराचं केलंत की हाच आकडा ४.३ वर येतो. वेग दुप्पट, तर परवडणारा उतार निम्मा. आता तीन टक्क्यांचा उतार घ्या, डोळ्यांना जेमतेम जाणवेल असा. साडेसहाच्या ग्रीनवर उताराला मारलेला बॉल सपाटीपेक्षा दीडपट लांब जाईल. तेराच्या ग्रीनवर तिपटीहून जास्त. करून बघा, कॅल्क्युलेटरही लागणार नाही.

आणि जगातली थोर म्हणून नावाजलेली जुनी ग्रीन्स बांधली गेली तेव्हा गवत जाड होतं, यंत्रं साधी होती, वेग कमी होता. त्यांचे मोठाले उतार, पायऱ्या, फुगवटे त्या वेगासाठी होते. तेच आज तेरानं चालवायचं तर होल पाडायला जागाच उरत नाही. उरलेल्या दोन-तीन सपाट कोपऱ्यांत रोज होल, रोज तिथेच पाय, तिथेच गवत मरतं. मग कमिटीची मीटिंग बसते आणि ठराव होतो : उतार कमी करा. बुलडोझर येतो. नव्वद वर्षं टिकलेली जमीन एका सीझनमध्ये सपाट. पेठेतला जुना वाडा पाडून पार्किंग करण्याइतकंच हे मला खुपतं, आणि कारणही तसंच असतं : गाडी मोठी झाली.

अतिरेक काय करतो ते २००४ ला न्यूयॉर्कजवळच्या शिनेकॉक हिल्सवर दिसलं. सातव्या होलचं ग्रीन तिरपं, पुढून मागे उतरणारं. सुंदर रचना आहे. पण यूएस ओपनच्या शेवटच्या दिवशी ते इतकं सुकवलं होतं की बॉल थांबेचना. अखेर दोन जोड्यांच्या मध्ये पाण्याचा पाइप आणून ग्रीन भिजवावं लागलं, चालू स्पर्धेत! त्या रविवारी एकाही खेळाडूला पारपेक्षा कमी फटक्यांत फेरी संपवता आली नाही. ग्रीन तेच होतं जे शंभर वर्षांपूर्वीच्या शैलीचं उत्तम उदाहरण मानलं जातं. चुकला होता तो त्याला दिलेला वेग.

सगळ्या ग्रीन्सची आजी बघायची तर स्कॉटलंडला सेंट अँड्र्यूजच्या ओल्ड कोर्सवर जावं लागतं. तिथे सात ग्रीन्स जोडग्रीन्स आहेत. जाताना दुसरा होल आणि येताना सोळावा एकाच हिरवळीवर. तिसरा-पंधरावा, चौथा-चौदावा… बेरीज करा, दर वेळी १८. पाचव्या-तेराव्याचं ग्रीन पाऊण एकराहून मोठं आहे. तिथे तुमचा पहिलाच पट तीस-चाळीस मीटरचा असू शकतो, मध्ये दोन चढ, एक दरी. आणि सतरावं, रोड होल, याच्या बरोबर उलट : अरुंद, मागे रस्ता, पुढे एक खोल बंकर, आणि जमिनीचा कल असा की त्या बंकरनं जणू बॉलला घरी बोलावलंय. १९७८ च्या ओपनमध्ये जपानच्या नाकाजिमानं दोन फटक्यांत ग्रीन गाठलं होतं. पट मारला, बॉल वळला, बंकरमध्ये. बाहेर यायला चार फटके, होलवर एकूण नऊ. या ग्रीन्सचा वेग बाकीच्या मोठ्या स्पर्धांपेक्षा मुद्दामच कमी ठेवतात, कारण समुद्राचा वारा. २०१५ मध्ये तर वाऱ्यानं थांबलेले बॉल हलायला लागले आणि शनिवारी खेळ दहा तासांहून जास्त बंद ठेवावा लागला. स्पर्धा सोमवारी संपली. त्याआधी अकराव्या ग्रीनचा एक कोपरा थोडा सपाट केला होता, होल पाडायला जागा मिळावी म्हणून. सेंट अँड्र्यूजलाही हे चुकलं नाही!

पाइनहर्स्टनं मात्र याबाबत एक शहाणपण दाखवलं. २०१०-११ मध्ये बिल कूर आणि बेन क्रेनशॉ या जोडीनं कोर्स रॉसच्या काळासारखा करायला घेतला. जवळपास ३५ एकर हिरवळ काढून तिथे पुन्हा उघडी वाळू आणि तिथलं रानगवत आणलं, पाण्याचे फवारे निम्म्याहून कमी केले. ग्रीन्सना, एक-दोन किरकोळ दुरुस्त्या सोडल्या तर, हात लावला नाही.

बाकी ग्रीन वाचायची कला पुस्तकातून येत नाही. हरळी एका दिशेला झुकून वाढते. चमकदार दिसली तर ती तुमच्यापासून लांब झुकली आहे, बॉल पळेल. काळपट दिसली तर तुमच्याकडे, बॉल अडेल. होलच्या कडेचं गवत एका बाजूला कुरतडल्यासारखं दिसतं, झुकाव त्या बाजूला. हे सगळ्यात आधी कॅडींना कळतं, कारण ते रोज अनवाणी डोळ्यांनी तीच जमीन चाळत असतात. दिल्लीचा अली शेर, ज्यानं १९९१ ला इंडियन ओपन जिंकली, आणि बंगळूरुचा सी. मुनियप्पा, ज्यानं २००९ ला, दोघंही कॅडी म्हणून सुरुवात केलेले. पुढच्या वेळी टीव्हीवर कुणी पटर हातात घेऊन ग्रीनभोवती चक्कर मारताना दिसला तर चॅनल बदलू नका. तो टाइमपास करत नाहीये, पायांनी उतार मोजतोय. २०२९ मध्ये पुरुष आणि महिला, दोन्ही यूएस ओपन पुन्हा पाइनहर्स्टलाच आहेत, लागोपाठ दोन आठवडे. या वेळी हरळीवर.